निळ्या पडद्याचे मुख्य कंत्राटदार

२ जानेवारी

सांत्वनपर पत्रांना उत्तरे देण्याचे काम आज दुपारी पूर्ण झाले. एकूण पत्रे एक्केचाळीस. उत्तरे प्राप्तीच्या क्रमाने दिली. केवळ क्रमांक सतरा (पत्नीची शाळेतील मैत्रीण) मागे ठेवावे लागले, कारण त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ तयार नव्हते. मी आता कसा आहे, असा तो प्रश्न होता. अखेरीस "ठीक" असे कळवले.

टेबल रिकामे झाल्यामुळे पत्नीची फाइल काढली. तीत मुलींच्या शाळेशी झालेला करार सापडला. सापडला म्हणणे बरोबर नाही. तो मीच लिहिला होता. शाळेच्या नव्या सभागृहातील रंगमंचाचा दर्शनी पडदा शिवून देण्याचे पत्नीने गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिकांना तोंडी कबूल केले, तेही भाजी घेता घेता. मी एकतीस वर्षे बांधकाम खात्यात करारनामे लिहिले. माझ्याच घरातून तोंडी करार व्हावा हे मला सहन झाले नाही. मी अकरा पानांचा मसुदा केला. तिने तो न वाचता सही केली आणि "आता तरी जेवायला येताय का?" असे विचारले.

कलम नऊ पुन्हा वाचले. "मुख्य कंत्राटदार हा आपल्या उपकंत्राटदारांनी, व त्यांनी पुढे नेमलेल्या उपकंत्राटदारांनी, केलेल्या प्रत्येक कामास, चुकीस व विलंबास, ते जणू स्वतःच केल्याप्रमाणे जबाबदार राहील; 'ते दुसऱ्याने केले' हा बचाव ग्राह्य धरला जाणार नाही." हे कलम खात्यात माझ्या नावाने ओळखले जाई. कंत्राटदार त्याला वचकून असत.

व्यक्तीच्या कौशल्यावर बेतलेला करार त्या व्यक्तीबरोबर संपुष्टात येतो, हे मी जाणतो. नेमके ते होऊ नये म्हणून मी कलम चौदा खास घातले होते: मृत्यूनंतर सर्व जबाबदाऱ्या वारसांकडे जातील. वारस एकच आहे.

मुदत १५ फेब्रुवारी. कापड पत्नीने आधीच आणून ठेवले आहे. गडद निळे. दिवाणखान्यात त्याचा गठ्ठा उभा आहे; मी रोज त्याला वळसा घालून जातो.

३ जानेवारी

मेहुणी आली. ही पत्नीची धाकटी बहीण. आठवड्यातून दोनदा येते आणि स्वयंपाकघरातील डब्यांची झाकणे उघडून पाहते. माझा निर्णय तिला सांगितला.

"भावोजी, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"करारात बटणांचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

"शाळा काय कोर्टात खेचणार आहे का तुम्हाला?"

"प्रश्न तो नाही. शब्द दिलेला आहे."

"शब्द ताईनं दिला होता."

"म्हणूनच," मी म्हणालो.

यावर ती स्वयंपाकघरात गेली व बराच वेळ नळ सुरू राहिला. भांडी मात्र सकाळीच घासून झाली होती.

५ जानेवारी

मुख्याध्यापिकांना भेटलो. साठीच्या जवळ, आवाज खडा, टेबलावर खडूची धूळ. मी उभा राहूनच निवेदन सुरू केले, तेव्हा त्यांनी "अहो, आधी बसा तरी" असे म्हणून खुर्ची पुढे केली.

"करार सुटला असं समजा. आम्ही बाजारातून तयार पडदा आणतो. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

कलम अकरानुसार एकतर्फी माघार घेण्यास साठ दिवसांची लेखी सूचना लागते. आज एक्केचाळीसच दिवस उरले आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले.

त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरं, शिवून कुणाकडून घेणार?"

"ते कंत्राटदाराचे स्वातंत्र्य आहे."

"नाही, तुमच्या सौंची माणसं होती ना."

"पत्नी स्वतःच शिवत असे," मी खुलासा केला.

त्यांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, मग टेबलाचा खण उघडला, आणि दोन्ही बंद केले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पंधरा फेब्रुवारी. एक दिवस इकडचा तिकडे चालणार नाही हं मला."

मुदतीबाबत त्यांची ही काटेकोर वृत्ती मला आवडली. अलीकडे जो तो मला सवलत देऊ पाहतो.

९ जानेवारी

चौकातील शिंपी घरी येऊन कापड पाहून गेला. पन्नाशीचा, गळ्यात मोजपट्टी, बोलताना टाचणी दातात. काम घरच्याच मशीनवर करता येईल असे मी सुचवले. त्याने मशीनवरील आच्छादन काढले, चाक फिरवून पाहिले. फिरले नाही. सुई काढून त्याने खिडकीशी धरली.

"साहेब, हे दहा वर्षांत चाललेलं नाही."

"तीन महिन्यांपूर्वीपर्यंत पत्नी शिवत होती."

"सुई गंजलीय."

"हवा दमट आहे."

"आत कोळ्यानं संसार थाटलाय, साहेब."

शिंप्याचे निरीक्षण वरवरचे आहे. पत्नी दुपारी काम घेऊन वरच्या मजल्यावर जात असे, कारण तेथे उजेड चांगला आहे, आणि संध्याकाळी तयार काम घेऊन खाली येत असे. निवृत्तीनंतरची तीन वर्षे हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

त्याची नेमणूक केली. खात्यातील पद्धतीप्रमाणे उपकंत्राटदारास संपूर्ण करार द्यावयाचा नसतो. त्याच्या कामापुरता उतारा द्यावयाचा असतो. त्यानुसार परिशिष्ट 'ब' दिले: निळे कापड, एकूण रुंदी चाळीस फूट, उंची अकरा फूट, खाली चार इंच दुमड, वर कड्या.

"पडदे लावायचेत कुठं?" त्याने विचारले.

"सर्व माहिती परिशिष्टात आहे."

त्याने परिशिष्ट उलटसुलट करून पाहिले व खिशात घातले.

२४ जानेवारी

शिंप्याच्या दुकानी तपासणीस गेलो. दांडी, कप्प्या व दोर बसवण्याचे काम त्याने आपल्या मेहुण्यास परस्पर दिल्याचे उघडकीस आले. लेखी पूर्वसंमती नाही. मी मेहुण्याचा परवाना विचारला.

"बायकोचा भाऊ आहे, साहेब. परवाना घरातूनच आहे."

"पूर्वी अशी कामे केली आहेत का त्याने?"

"दांड्या बसवतो तो. हात चांगला आहे. बोलतो जरा जास्त."

घरी येऊन जबाबदारीचा तक्ता काढला. सर्वांत खाली मेहुणा, त्यावर शिंपी, त्यावर मी. बाण सर्व वरच्या दिशेने. असे तक्ते मी शेकडो काढले आहेत, परंतु आजवर ते कागदाच्या बाहेरून पाहत आलो. सर्वांत वरच्या चौकटीत बसून पाहिल्यास बाण निराळे दिसतात.

दुपारचे जेवण चार वाजता घेतले. आठवण राहिली नव्हती.

२ फेब्रुवारी

आज शिंप्याने काम आणून दिले. हातगाडीवरून. त्याने दिवाणखान्यात एक पडदा उलगडला. शिवण नेटकी, दुमड बरोबर चार इंच, कड्या ओळीत. रुंदी अडीच फूट.

"हा नमुना आहे काय?" मी विचारले.

"नमुना कसला, साहेब? सगळे असेच आहेत. सोळा नग."

मी मोजले. सोळाच होते. सोळा गुणिले अडीच, चाळीस फूट. उंची अकरा फूट. प्रत्येकी चार इंच दुमड.

"हा रंगमंचाचा पडदा आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण जिन्यात कोणाचे तरी दार उघडले. "मध्यातून दुभंगून दोन बाजूंना जाणारा. दोन भाग. प्रत्येकी वीस फूट."

शिंप्याने दातांतली टाचणी काढली. "रंगमंच? मला कोण बोललं रंगमंच? मला वाटलं मोठ्या शाळेच्या खिडक्या. मी तर बायकोला म्हटलंही, अकरा फुटांची खिडकी, काय पोरी शिकत असतील, काय हवा येत असेल."

त्याला जावयास सांगितले. करारभंगाचा आधार घेऊन त्याच्याविरुद्ध तीन पानी नोटीस लिहिण्यास बसलो. मनास बरे वाटले. कित्येक आठवड्यांनंतर भाषा हाताखाली होती.

३ फेब्रुवारी

नोटीस पूर्ण करण्यासाठी मूळ करार उघडला. 'व्याख्या' या प्रकरणात स्पष्ट नोंद आहे: "पडदा म्हणजे रंगमंचाचा दर्शनी पडदा, दोन समान भागांत." हे प्रकरण पान एकवर आहे. पान एक माझ्या फाइलमध्ये आहे. ते तेथून कधीही बाहेर गेलेले नाही.

परिशिष्ट 'ब' पुन्हा वाचले. त्यात खिडकी नाही, रंगमंचही नाही. शिंप्याने लिहिल्याप्रमाणे तंतोतंत काम केले आहे. एकतीस वर्षांत माझ्या लेखनाचे इतके तंतोतंत पालन कोणी केले नव्हते.

नोटीस फाडली नाही. दुमडून खणात ठेवली. तिसरा परिच्छेद चांगला साधला होता.

मेहुणी आली तेव्हा मी सोळा पडद्यांच्या मध्ये जमिनीवर बसलो होतो. तीही बसली. एका पडद्याची घडी घालून म्हणाली, "चला वर."

"वर काय आहे?"

"उजेड चांगला आहे ना वर," ती म्हणाली. तिचा स्वर मला नीट कळला नाही.

४ फेब्रुवारी

कालचा प्रसंग आज लिहितो. काल लिहिण्यास बसलो होतो, परंतु मन लागले नाही.

वरच्या मजल्यावर दोघी जावा राहतात. दोघींचे नवरे फिरतीवर असतात. मी दोघींना जिन्यात पाहून मान हलवत असे, त्यापलीकडे परिचय नव्हता. धाकटीने दार उघडले. आत दोन मशीन होती, खिडकीशी कापण्याचे लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेले मापांचे कागद. हस्ताक्षर पत्नीचे.

"काका, आम्हाला वाटलं, तुम्ही आम्हाला काढून टाकलं," थोरली म्हणाली.

"मी तुम्हाला नेमलेच नव्हते."

"तेच तर. आम्हाला वाटलं, काकू गेल्या, आता साहेब लेखी माणसं बघणार."

"पत्नी येथे येऊन शिवत असे ना?"

दोघींनी मेहुणीकडे पाहिले. मेहुणी मापाचे कागद वाचू लागली.

"काकूंना सरळ टीप येत नव्हती, काका," धाकटी अगदी हळू म्हणाली. "बोलणं त्यांचं, मापं त्यांची, कापड निवडायचं त्यांनी. कापायची थोरली, शिवायची मी. अकरा वर्षं."

"ग्राहकांना हे ठाऊक होते?"

"कशाला? नाव त्यांचं, आणि चूकही त्यांचीच. एकदा मी कापड भिजवायला विसरले. पडदे धुतल्यावर वीतभर आखडले. गिऱ्हाईक घरी भांडायला आलं. काकू म्हणाल्या, 'मी विसरले हो.' माझं नावही नाही घेतलं."

तो प्रसंग मला आठवला. मी आतल्या खोलीत होतो. गिऱ्हाईक गेल्यावर मी पत्नीला समोर बसवून निष्काळजीपणा म्हणजे काय, हे पाऊण तास समजावून सांगितले होते. उदाहरणांसह. "कापड आधी भिजवावे" असे तिच्याकडून कार्डावर लिहूनही घेतले होते. पाऊण तासात 'मी नव्हे' असे तिने एकदाही म्हटले नाही.

हे मी त्यांना सांगितले.

"माहितीय," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वर येऊन सगळं करून दाखवलं. चष्मा नाकाच्या टोकावर, एक बोट वर. 'येथे दोन मुद्दे उपस्थित होतात.' त्या दिवशी आम्ही दोघी हसता हसता जवळजवळ एकमेकींशी बोललो होतो."

त्या दोघी सहा वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

नक्कल कशी होती ते मी विचारले. धाकटीने आढेवेढे घेतले, मग करून दाखवली. तपशिलात अचूक होती. मी पुन्हा एकदा करावयास सांगितली.

८ फेब्रुवारी

सोळा पडदे जोडून दोन करावयाचे. उभ्या शिवणी चौदा. शिंपी कळवळून आला व म्हणाला, कड्या उसवून देतो. त्याची जागा टेबलाखाली, कारण वर जागा नाही.

माझे काम निरोप पोहोचवण्याचे आहे. पूर्वी ते पत्नीकडे होते.

"काका, तिला सांगा, टीप वाकडी चाललीय."

थोरली व धाकटी यांमधील अंतर चार फूट आहे. तरीही मी ते कळवले.

"त्यांना सांगा, कापणाऱ्यानं सरळ कापलं असतं तर टीप सरळ आली असती."

"हे कापड तिनं नाही कापलं हो," टेबलाखालून शिंपी म्हणाला. "ते माझं पाप आहे. मला कशाला तुमच्या घरात ओढता?"

पहिल्या दिवशी मी निरोप शब्दशः दिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांतील विशेषणे गाळू लागलो. आज दुपारी मी एका निरोपाच्या शेवटी "छान झाले आहे" हे स्वतःकडून जोडले. थोरलीने तसे म्हटले नव्हते. धाकटी पुढची टीप मारताना गुणगुणत होती. असे करणे हा निरोपात फेरफार आहे. हा फेरफार येथे पूर्वीपासून होत असावा, असा माझा संशय आहे.

१३ फेब्रुवारी

पडदा पूर्ण. शिवणी चुण्यांत लपल्या. शिंप्याच्या मेहुण्याने सभागृहात दांडी बसवली. शिडीवरून तो अखंड बोलत होता. दोनदा ओढून पाहिला. दोन्ही वेळा उघडला.

१५ फेब्रुवारी

उद्घाटन. मी कोट घातला. मेहुणीने कॉलर सारखी केली. ते काम तिचे नव्हे, परंतु मी हरकत घेतली नाही.

सभागृह भरलेले होते. पडद्यामागे साठ मुली गाण्यासाठी उभ्या होत्या. पहिल्या रांगेत शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पाचव्या रांगेत शिंपी सहकुटुंब. सातव्या रांगेत दोघी जावा, मध्ये एक खुर्ची मोकळी. मी विंगेत उभा होतो, शेजारी दोर धरून मेहुणा.

घंटा झाली. मेहुण्याने दोर ओढला. डावा भाग नीट गेला. उजवा भाग हातभर गेला आणि थांबला. तीस मुली दिसू लागल्या, उरलेल्यांचे फक्त बूट दिसत होते. पेटीवाल्या बाईंनी सूर दिला. तीस मुलींनी गायला सुरुवात केली, तीस मुली पडद्यामागे थबकल्या.

"साहेब," मेहुणा प्रथमच एका शब्दावर थांबला. मग म्हणाला, "सकाळी तेल घालायला काढली, तेव्हा कप्पी उलटी बसली."

लोक हसू लागले. मी रंगमंचावर गेलो. पडद्याची कड धरली आणि चालू लागलो. पडदा जड आहे. अकरा फूट उंचीचे कापड सोबत घेऊन चालणे मी पूर्वी कधी केले नव्हते. कड्या एकामागून एक कुरकुरत सरकत गेल्या. प्रत्येक पावलागणिक दोन दोन मुली दिसू लागल्या. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कारण टाळ्या पडल्या. शेवटी पोचलो तेव्हा मला दम लागला होता, आणि कड सोडली तर पडदा मागे येतो हे लक्षात आल्याने मी ती धरून उभा राहिलो.

अध्यक्ष उठले. "हे काम कुणाचं आहे?" त्यांनी मोठ्याने विचारले. रागाने नव्हे, पण विचारले.

शिंपी आपल्या बुटांकडे पाहू लागला. मेहुण्याचा चेहरा विंगेत पांढरा पडला होता. उत्तर मला पाठ होते. तक्ता होता, परिशिष्ट होते, लेखी पूर्वसंमती नसल्याचा मुद्दा होता.

"माझं," मी म्हणालो.

"शिवण?"

"माझी."

"आणि ही कप्पी?"

"तीही माझीच."

"तुम्ही स्वतः शिवलाय हा?"

"नाही. मला सरळ टीप येत नाही," मी म्हणालो.

सभागृह हसले. अध्यक्षही हसले व बसले. सातव्या रांगेत धाकटी पदराने डोळे टिपत होती, आणि थोरलीने मोकळ्या खुर्चीवरून हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला होता. साठ मुलींनी गाणे पहिल्यापासून सुरू केले. चार कडवी होती. चारही कडवी मी कड धरून उभा होतो.

नंतर मुख्याध्यापिका जवळ येऊन म्हणाल्या, "अगदी तुमच्या सौंसारखं बोललात."

म्हणजे त्यांना सारे ठाऊक होते. आणि ठाऊक असूनही त्यांनी मला मुदत लावून दिली होती. मी नमस्कार केला.

१७ फेब्रुवारी

काम पूर्ण झाल्याचा दाखला घेण्यासाठी शाळेत गेलो. काल मेहुण्याने कप्पी दुरुस्त केली. आता दोर ओढला की पडदा दोन्हीकडे जातो. शिंप्यास त्याच्या कामाचे प्रशस्तिपत्र दिले, त्यात परिशिष्ट 'ब'चे तंतोतंत पालन केल्याचा उल्लेख आहे.

मुख्याध्यापिकांनी दाखल्याचा कोरा नमुना काढला आणि पेनाचे टोपण काढून म्हणाल्या, "कंत्राटदार म्हणून तुमचं नाव घालते."

मी नमुना माझ्याकडे मागून घेतला. खाते सुटले, पद सुटले, पण रिकामा रकाना स्वतः भरण्याची सवय गेलेली नाही. 'मुख्य कंत्राटदार' यापुढे मी तिचे पूर्ण नाव लिहिले. 'उपकंत्राटदार' यापुढे दोघी जावा, शिंपी, त्याचा मेहुणा, आणि सर्वांत शेवटी माझे स्वतःचे नाव लिहिले.

त्यांनी ते वाचले. "म्हणजे कलम नऊप्रमाणे तुमच्या सगळ्या चुकांना जबाबदार त्या?"

चौतीस वर्षांच्या संसारात व्यवस्था हीच होती, मी सांगितले. ती लेखी तेवढी आज झाली.

त्यांनी सही केली, आणि शिक्का जरा जोरातच मारला.